ओट्यावरचं पाणी

सर, आईच्या घरातला तो फोटो मी परवा भिंतीवरून उतरवला. तुम्ही मासळी बाजारात काढलेला, ज्यात ती हसते आहे तो. आई यंदा पावसाळ्याच्या आधी गेली. खाडीकाठचं घर आता पाडायचं ठरलंय, त्यामुळे खोपटच्या ऑफिसातून सुटले की घोडबंदर रोडला माझ्या घरी जायच्या आधी तिकडे वाकडी वाट करते, एक कपाट आवरते, दुसरं तसंच ठेवते आणि निघते. अशात तुमच्या मुलीचा फोन आला. डोंबिवलीच्या घरात तुम्ही बिस्किटांच्या डब्यांत ठेवलेल्या फिल्म तिने साफ करून लावल्यात आणि तुमच्या बाजारातल्या फोटोंचं प्रदर्शन ती आपल्याच शाळेच्या हॉलमध्ये भरवणार आहे. आईच्या त्या फोटोची फिल्म बुरशीने गेली आहे, तेव्हा माझ्याकडची कॉपी मिळेल का, असं तिने फार संकोचाने विचारलं. मी विचार करून सांगते म्हटलं. विचार करायला बसले तर तुम्हीच समोर येऊन बसलात. तुम्ही गेलात तेव्हा तुम्ही मला म्हातारे वाटला होतात. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे, म्हणून थोडं धिटाईने लिहिते.

तुम्ही आम्हाला चित्रकला शिकवायचात आणि आमच्यातल्या निम्म्यांकडे रंगपेटी नसायची, हे तुम्ही कधी वर्गात बोलून दाखवलं नाहीत. रंग नसतील तर जुनी वर्तमानपत्रं आणा म्हणालात. त्यातली माणसं कात्रीने कापून वहीत गर्दीचं चित्र चिकटवायचं होतं. मी घरी कात्री मागितली तर आईने ती हातातून काढूनच घेतली. जित्या माणसाच्या फोटोला कात्री लावायची नाही, असं तिचं म्हणणं. अपशकुन होतो म्हणे. मी मग मोटारी, इमारती, साबणाच्या वड्या आणि एक म्हैस कापून नेली. सगळ्यांच्या वहीत माणसांची दाटी आणि माझ्या वहीत एकटी म्हैस उभी. पोरं हसली. तुम्ही कारण विचारलंत, मी सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात की तुझी आई भेटायला हवी एकदा. मला वाटलं आता तक्रार होणार. पण तुमच्या डोक्यात वेगळंच होतं. ऐंशीनंतरची ती वर्षं. आपली शाळा दुपारची, आणि तुम्ही सकाळीच डोंबिवलीहून येऊन गळ्यात कॅमेरा अडकवून ठाण्याच्या बाजारात फिरत असायचात. भाजीबाजार, फुलवाल्या, गूळ-मिरचीची दुकानं सगळं झालं होतं. मासळी बाजाराच्या दारातून मात्र तुम्ही नाकाला रुमाल लावून परत फिरायचात. माझी आई आतच मासळी विकायची, तेव्हा आमची म्हैस तुम्हाला आत घेऊन आली असं म्हणायला हरकत नाही.

तो पहिला दिवस आठवला की अजून मला एकटीला हसू येतं. मी आईचा चहा घेऊन गेले होते. तुम्ही आत आलात, रुमाल खिशात ठेवलात, हे मी पाहिलं, आणि आईच्या ओट्यासमोर उभं राहून नमस्कार वगैरे करायच्या आधीच खटका दाबलात. तिची मासळी नुकती मांडून झाली होती, पहिलं गिऱ्हाईक यायचं होतं. आई पाटावरून अशी उठली की मी चहाची किटली खाली ठेवली. भवानी व्हायच्या आधी फोटो काढलास, आता दिवसभर मासळीवर माश्या बसणार, आणि तुला सांगितला कोणी असला उद्योग करायला, असं ती तुम्हाला अरे-तुरे करत बोलत होती. शेजारच्या ओट्यांवरून तिला साथ मिळत होती. भवानी म्हणजे काय, हे तुम्ही भर बाजारात एखाद्या विद्यार्थ्यासारखं विचारलंत. दिवसाची पहिली विक्री, ती झाल्याशिवाय कोणाची नजर लागू द्यायची नाही, हे मी तुम्हाला हळूच सांगितलं. मग यावर उपाय काय, असं तुम्ही आईलाच विचारलंत. ती म्हणाली, उपाय एकच. तूच घे. आणि सर, जन्मात कधी अंडंही न खाल्लेल्या तुम्ही मांदेलीचा वाटा विकत घेतलात. ते ओलं पुडकं शरीरापासून लांब धरून तुम्ही उभे होतात आणि आता याचं करायचं काय, हा प्रश्न तुमच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मला द्यायला गेलात तर आई म्हणाली, विकलेला परत घरात घेत नाय. तेव्हा तुम्ही खाली वाकलात आणि ओट्याच्या पायाशी बसलेल्या बाईला ते पुडकं दिलंत.

त्या बाईकडे त्या दिवसापर्यंत मीही नीट पाहिलं नव्हतं. ती तिथे असायची, एवढंच. आमच्या बाजारात दोन मजले होते, सर. वर सिमेंटच्या ओट्यांवर आम्ही, म्हणजे आमच्या कोळीवाड्यातल्या बाया. आईचा ओटा माझ्या आजीकडून आलेला, त्याचा परवाना होता, त्याच्यासाठी आजी नगरपालिकेत खेटे घालून थकली होती. आणि खाली, दोन ओट्यांमधून जाणाऱ्या गटाराच्या काठाला, वासिंद-आसनगावकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या कातकरी बाया. त्यांच्याकडे नदीतले झिंगे, मुठे म्हणजे छोटे खेकडे, पावसाळ्यात शेवळाची रानभाजी. परवाना नाही, ओटा नाही, नगरपालिकेची गाडी आली की टोपली उचलून पळायचं. आईला त्यांचा राग होता आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. आम्ही जागेचे पैसे भरायचे आणि या खाली बसून स्वस्तात विकणार, असं तिचं म्हणणं. पण आई काही बाजाराची राणीही नव्हती. वाड्यांमधून, बंगल्यांमधून येणाऱ्या बाया तिच्याशी बोलताना दोन पावलं मागे उभ्या राहायच्या आणि पिशवीचं तोंड तेवढं पुढे करायच्या. तुम्ही दर आठवड्याला येत राहिलात. आलात की आधी आईकडून भवानी, मग पुडकं खालच्या बाईला, मग फोटो. तुमची ही पद्धत सगळ्या बाजाराला पाठ झाली. आई तुम्हाला गवतखाऊ मास्तर म्हणायची आणि तुम्हाला ते आवडायचं.

मग तो फोटो. शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत खिडक्यांना काळे कागद लावून तुम्ही फोटो धुवायचात आणि आम्हा दोघाचौघांना मदतीला घ्यायचात. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या पाण्यात आधी आईचे दात दिसायला लागले. ती कोणा गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर खळखळून हसत होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. घरातले तिचे सगळे फोटो परवान्याच्या फोटोसारखे, ओठ मिटलेले. मग हळूहळू फोटोची खालची बाजू उमटली. आईचा एक हात बाजूला गेलेला, त्या हातात बालदी तिरकी केलेली, मासे धुतलेलं पाणी ओट्यावरून खाली येतंय, आणि खाली ती बाई टोपलीवर पाठ वाकवून बसली आहे, म्हणजे पाणी पाठीवर पडेल, मुठ्यांवर नाही. तिच्या बसण्यावरून कळत होतं की हे रोजचं आहे. आईचं तिकडे लक्षही नव्हतं. ती नुसती हसत होती. मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, सर, हा तिला दाखवू नका. पण तुमचा नियम होता. ज्याचं चित्र त्याला आधी दाखवायचं, त्याने नको म्हटलं तर कोणालाच नाही. तुम्ही मला म्हणालात, "तिचं चित्र आहे, बाळ. ते तिच्यापासून लपवायचा अधिकार तुलाही नाही आणि मलाही नाही." मी तुमच्याशी आठवडाभर बोलले नाही. तुमच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

तुम्ही तो आईला दिलात तेव्हा मी तिथेच होते, मुद्दाम. भवानी झाली होती. आईने पदराला हात पुसले, फोटो कडेने धरला आणि बराच वेळ स्वतःलाच पाहत राहिली. हसली. शेजारणीला दाखवला, तीही हसली. मी मनात म्हणत होते, पुरे, आता ठेव. पण तुम्ही बोट खाली नेलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "आणि हे, आई?" तुम्ही तिला आई म्हणायचात. तिने पाहिलं. तिचं हसणं गेलं. मला वाटलं आता तुमच्या अंगावर बालदी रिकामी होणार. ती ओरडली मात्र नाही. म्हणाली, "ओटा मिलाच्या आधी मी तुमचे आलीत पाटी घेऊन याची, मास्तर. पायरीवर बसाची. उठली का तुमच्या बाया पायरीवर पानी मारीत. त्याचा फोटू हाय का तुज्याकरं?"

 हे मला कधीच माहीत नव्हतं. तुम्ही फक्त मान हलवून नाही म्हणालात. तुमच्या लोकांच्या त्या आळीत, इथे ठाण्यातच, तुमची मावशी राहायची, तुम्ही शिकायला तिच्याकडे होतात, हे तुम्ही मला फार नंतर सांगितलंत. त्या पायऱ्या तुम्ही पाहिल्या होत्या आणि त्यांच्यावरचं पाणीही. आज मला वाटतं, तुम्ही बाजारात जे शोधत फिरत होतात त्यातलं बरंचसं तुम्ही लहानपणीच पाहून ठेवलेलं होतं आणि तेव्हा तुमच्याकडे कॅमेरा नव्हता.

पण तुम्ही नियम मोडला नाहीत. तिथून सरळ खाली वाकून दुसरी कॉपी त्या बाईला दिलीत. तिने ती उलटी धरली, मग सुलटी, आणि विचारलं, "यात माजा तोंड कुठं हाय?" पाण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पाणी तिला ठाऊकच होतं, त्याचा फोटो कशाला. तिला तिचा चेहरा हवा होता. तुम्ही लगेच म्हणालात की आत्ता काढू. पण खाली उजेड नव्हता, उजेड वर ओट्यावर होता, छपराच्या काचेतून थेट खाली येणारा. तुम्ही आईला विचारलंत की हिला दोन मिनिटं ओट्यावर बसू द्याल का. सगळा बाजार ऐकत होता, सर. मला आठवतंय, मी डोळे मिटून घेतले आणि मनात म्हटलं, हो म्हण, एवढं एकदा हो म्हण. आई म्हणाली, "आज फोटूसाटी बसवशील. उद्या ती बसाला आली तं मी नाय म्हननार, तुला ठावूक हाय. मंग खोटा फोटू कशाला कारतंस?"

मला तेव्हा तिची भयंकर लाज वाटली होती. आता ते वाक्य आठवलं की वाटतं, त्या बाजारात तुमच्या कामाचं मर्म तिच्याइतकं कोणालाच कळलं नव्हतं. तुम्हाला पटलं असावं, कारण तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्ही चपला काढल्यात, का ते देव जाणे, आणि त्या बाईच्या समोर गटाराच्या काठाला मांडी घालून बसलात. पांढरी पँट होती तुमची. कॅमेऱ्याचं काहीतरी फिरवत, श्वास धरत, उजेड नाही तर नाही म्हणत तुम्ही तिचा चेहरा शोधत होतात. ती पदर नीट करत होती, केस मागे करत होती, मध्येच लाजून मान फिरवत होती. आणि मी वर पाहिलं. आईच्या हातात बालदी होती. मासे धुऊन झाले होते, बालदी भरलेली होती, हात नेहमीसारखा बाजूला गेला होता, तिरका झाला होता, आणि तिथेच थांबला होता. तुम्ही बसलेले होतात तोवर तिने ते पाणी धरून ठेवलं. तुम्ही उठलात, पँट झटकलीत, गर्दीतून चालायला लागलात, आणि पाणी खाली आलं. त्या बाईने पाठ वाकवली, नेहमीसारखी.

त्यानंतर आईने तुमच्याकडून तो पहिला फोटो मोठा करून मागितला. मला धक्काच बसला. तुम्ही आढेवेढे न घेता करून दिलात. ती स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडे स्वतः गेली आणि घरी आणला तेव्हा फोटोत ती एकटीच होती. हसणारी आई, ओटा, मासळी, बाजूला गेलेला हात मनगटापर्यंत. खालचं सगळं गायब. नारळी पौर्णिमेला तिने तुम्हाला जेवायला बोलावलं, तुमच्यासाठी नवं पातेलं आणलं, त्यात आधी कधी मासळी शिजली नाही हे तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही नारळीभात मागून खाल्लात. जेवताना फोटो तुमच्या बरोबर समोर होता. फोटोच्या कडेला काय आहे ते बघा, असं आम्हाला वर्षभर सांगणारे तुम्ही, तो पाहून म्हणालात, "हसताना फार छान आल्या आहेत." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी शाळेत मी तुम्हाला जाब विचारल्यासारखं विचारलं. तुम्ही फळा पुसत होतात. म्हणालात, "तो आता तिच्या घरातला फोटो आहे. आपण तिथे पाहुणे." मला ते पटलं नाही. मला वाटलं तुम्ही नारळीभाताला जागलात. मग शाळा सुटली, मी कॉलेजात गेले, तुम्ही नव्वदनंतर केव्हातरी डोंबिवलीच्या घरी झोपेतच गेलात, आणि हे बोलणं तिथेच राहिलं.

परवा मी फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा कुजला होता तो काढला, आणि फोटो हातात घेतला तर तो जाड लागला. सर, तो कापलेला नव्हता. दुमडलेला होता. खालचा भाग मागे नीट वळवून, वर कागदाची पट्टी लावून बसवलेला. मी तो उघडला. मधोमध पांढरी घडी पडली आहे, पण ती बाई आहे, टोपली आहे, पाणी आहे. इतकी वर्षं आईच्या पाठीमागे ती आमच्याच भिंतीवर होती. मी जमिनीवर बसून रडले, हे सांगायला मला लाज नाही. मनात आलं, आईला तिची दया आली असेल, म्हणून कापू दिलं नसेल. मग मला म्हैस आठवली. जित्या माणसाच्या फोटोला कात्री लावायची नाही. बहुतेक तेवढंच असेल. ती बाई आईला अडचणीची होती, पण तिचं वाईट व्हावं असं आईला वाटत नव्हतं. दयेइतकं मोठं नाही हे, पण अगदीच काही नाही असंही नाही. आईला विचारता आलं असतं तर ती म्हणाली असती की फ्रेमवाल्याला बोल, मना काय इचारतंस.

आता प्रश्न असा की हा फोटो द्यायचा का. अख्खं गाव येणार, आमच्या कोळीवाड्यातली माणसं येणार, आणि माझी आई हसत हसत दुसरीच्या पाठीवर पाणी ओतताना भिंतीवर दिसणार. ती परत येऊन कोणाला पायरीची गोष्ट सांगणार नाही. तुमच्या नियमाप्रमाणे विचारायचं तर दोघींपैकी विचारायला उरलंय कोण? आई गेली. त्या बाया पुढे यायच्या थांबल्या. आसनगावच्या पुढे कुठला पाडा, हेही कोणाला सांगता येत नाही. मी काल तुमच्या मुलीकडे गेले. तिने दुसरा फोटो काढून दाखवला, त्या बाईच्या चेहऱ्याचा. थोडा अंधारा आहे, पण ती थेट बघते आहे, आणि चांगली रुबाबदार दिसते. तो फोटो मी कधी पाहिलाच नव्हता. वरच्या कोपऱ्यात आईचा हात आला आहे, बांगड्यांसकट, आणि तिरकी बालदी. पाणी पडत नाहीये. तुमची मुलगी म्हणाली की कोपरा जरा गर्दीचा वाटतो, कापला तर चेहरा उठून दिसेल. मी इतक्या जोरात नाही म्हटलं की ती दचकली.

शेवटी असं ठरलं. आईचा फोटो मी देते आहे, घडीसकट, पूर्ण उघडून. त्याच्या शेजारी दुसरा लागेल, कोपरा न कापता. मी हो म्हणून टाकलंय. तुम्हाला हे आवडलं असतं असं मला वाटतं, आणि आई दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून बघायला आली असती.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट सांगते आणि थांबते. कोपऱ्यातल्या त्या हाताबद्दल तुमच्या मुलीने विचारलं, की हा कोणाचा आणि हे पाणी असं मध्येच थांबलंय का. ते पाणी तुमच्यासाठी थांबलं होतं, सर, तुमच्या पांढऱ्या पँटसाठी, हे मला पक्कं माहीत आहे. मी तिला सांगितलं, हात माझ्या आईचा, आणि खाली ती बाई बसली होती ना, म्हणून थांबलंय.